परळहून गेगोंगला गेलेला डॉक्टर

परळच्या केईएम रुग्णालयाला लागून असलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या जन्मामागे एक अट होती. १९२६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, असा देणगीदारांचा आग्रह होता. सरकारी वैद्यकीय सेवेतील वरच्या जागा तेव्हा प्रामुख्याने इंग्रजांकडे असत. त्या आग्रहातून उभ्या राहिलेल्या वर्गखोल्यांत सोलापूरचा एक मध्यमवर्गीय मुलगा शिकला. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्याचे नाव.

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३६ मध्ये पदवीधर झाले. पुढे पदव्युत्तर परीक्षेची तयारी सुरू होती. घर मोठे, मिळकत बेताची. मुलगा डॉक्टर झाला की दिवस पालटतील, ही अशा घरातील साहजिक अपेक्षा. मात्र जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर आक्रमण केले. चिनी सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला तसे आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे बावीस हजार रुपये आणि एक रुग्णवाहिका उभी राहिली. पाच डॉक्टर निवडले गेले : अलाहाबादचे मदन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बिजय बसू व देबेश मुखर्जी आणि कोटणीस. पथकाचे प्रमुख अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. कोटणीस त्या मानाने अगदी नवखे.

१ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या जहाजाने पथकाने मुंबईचा किनारा सोडला. (हेच जहाज पुढे ब्रिटिश नौदलाकडे गेले आणि १९४१ मध्ये अटलांटिकमध्ये बुडाले.) चुंगकिंगमध्ये या डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाअखेरीस चीन या अर्थाचे 'हुआ' जोडले गेले आणि कोटणीस 'के दिहुआ' झाले. तेथेच त्यांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. सहकाऱ्यांनी परतण्याचा सल्ला दिला. ते परतले नाहीत. घराची गरज त्यांना ठाऊक नव्हती असे नव्हे. हा निर्णय त्यामुळेच सोपा म्हणता येत नाही, आणि त्याची किंमत एकट्या कोटणीसांनी मोजली असेही नाही.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोहोचले. चोळकर, मुखर्जी आणि पुढे अटल मायदेशी परतले. कोटणीस व बसू आणखी पुढे, उत्तर चीनच्या डोंगराळ सरहद्दीकडे गेले. बसूही कालांतराने येनानला परतले आणि कोटणीस त्या खेड्यांत राहिले.

रुग्णालय म्हणजे पक्की इमारत असे चित्र तेथे चालण्याजोगे नव्हते. जखमी सैनिक शेतकऱ्यांच्या घरांत ठेवले जात. शत्रू जवळ आला की खाटा, हत्यारे, औषधे खेचरांवर लादून दुसऱ्या गावी हलायचे. गावाने धान्य द्यायचे, स्ट्रेचर वाहायचे, रुग्ण लपवायचे. जपानी मोहिमांत गावे आणि पिके जाळली जात असल्याने धान्य हीच सर्वांत मोठी चणचण होती. ज्वारीच्या मुलखातून आलेल्या या डॉक्टरच्या ताटात राळा आला, आणि तोही बेताचाच. त्यांनी भाषा मात्र अशी आत्मसात केली की चिनीतून शिकवता येऊ लागले. १९४० च्या लढायांत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले जाते. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथून यांचे १९३९ मध्ये जखमेतून झालेल्या जंतुसंसर्गाने निधन झाले होते; त्यांचा वारसा आता परळच्या विद्यार्थ्याकडे आला.

गेगोंग गावातील त्यांचे खरे काम कदाचित शस्त्रक्रियागृहाबाहेरचे होते. एक डॉक्टर किती जखमा शिवणार? त्यांनी स्थानिक तरुणांना शिकवले आणि त्यांच्यासाठी शल्यशास्त्राचे पुस्तक लिहिले. दुसरे लिहिणे सुरू होते.

नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन, म्हणून तो यिनहुआ. तोवर कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारांसाठी आघाडी सोडण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

चार वर्षांनी ते परळला परतले, पण पडद्यावर. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतःच केली. राजकमल कलामंदिर कोटणीसांच्या महाविद्यालयापासून फार दूर नव्हते. शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी आहे, तर सोलापुरातील घराचे स्मारक २०१२ मध्ये झाले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला. ग्वो छिंगलान यांनी सासरशी नाते टिकवले, त्या अनेकदा भारतात येऊन गेल्या. २०१२ च्या जूनमध्ये दालियन येथे, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.