रस्ते मोजणारा वैद्य

इंग्लंडमधील यॉर्क या गावी १५ मार्च १८१३ रोजी एका मजुराच्या घरी जॉन स्नो यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसल येथे एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. तेथे असतानाच पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. कोळशाच्या खाणीतील मजुरांची शुश्रूषा करण्यास त्यांना धाडण्यात आले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते.

पुढे लंडनला जाऊन त्यांनी वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. क्लोरोफॉर्म देऊन रोग्याच्या वेदना शमविण्यात त्यांनी एवढा लौकिक मिळविला की, १८५३ साली व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात त्यांनाच पाचारण करण्यात आले.

पटकी दूषित हवेतून पसरते, अशी त्या काळी बहुतेक वैद्यांची समजूत होती. ती दूषित पाण्यातून पसरते, असे मत डॉ. स्नो यांनी १८४९ साली प्रसिद्ध केले. पण भक्कम पुराव्यावाचून ते कोण मानणार?

१८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीने थैमान मांडले. दहा दिवसांत पाचशेंहून अधिक माणसे दगावली. लोक घरेदारे टाकून पळू लागले. डॉ. स्नो मात्र त्याच गल्ल्यांतून चौकशी करीत हिंडत होते. मृत माणसे पाणी कोठून आणीत, हा त्यांचा प्रश्न असे. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच मिळे. ते म्हणजे ब्रॉड स्ट्रीटवरील पंप. जवळच निराधारांचा एक आश्रम होता. तेथे पाचशेंहून अधिक लोक राहत. पण आश्रमाची स्वतःची विहीर असल्यामुळे तेथे केवळ पाच जण दगावले. ७ सप्टेंबरला डॉ. स्नो यांनी हा पुरावा स्थानिक मंडळापुढे ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी पंपाचा दांडा काढण्यात आला.

साथ तोवर ओसरू लागली होती. त्यामुळे शंकेखोरांचे समाधान झाले नाही. तेव्हा डॉ. स्नो यांनी त्या भागाचा नकाशा घेऊन प्रत्येक मृत्यूची खूण त्या त्या घरापाशी केली. नकाशावर जवळ दिसणारे ठिकाण प्रत्यक्षात जवळ असतेच असे नाही. मध्ये घरांची रांग आली, तर घागर घेऊन निघालेल्या माणसाला वळसा घालावाच लागतो. म्हणून त्यांनी सरळ रेषेतील अंतर न धरता जवळच्या रस्त्याने चालावे लागणारे अंतर काळजीपूर्वक मोजले. जेथून ब्रॉड स्ट्रीटचा पंप व दुसरा पंप सारख्याच अंतरावर पडत, अशी स्थळे जोडून त्यांनी ठिपक्यांची रेषा काढली. रेषेच्या आत मृत्यूंची दाटी होती. जेथे दुसरा पंप जवळ पडे, तेथे मृत्यू अगदी विरळ होत किंवा थांबत.

१६ जून १८५८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डॉ. स्नो यांचे निधन झाले. त्यांचे मत सर्वमान्य झालेले त्यांना पाहता आले नाही. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले आणि डॉ. स्नो यांच्या मताला बळकटी आली.

वस्तीच्या आरोग्याचा अभ्यास करणारे आजचे संशोधकही घरापासून दवाखान्यापर्यंत, मैदानापर्यंत पायी किती अंतर पडते, गल्ल्या एकमेकींना कोठे मिळतात, हे मोजतात. माणसे ज्या वाटेने चालतात ती वाट मोजल्यावाचून त्यांची दुःखे कळत नाहीत, हा धडा डॉ. स्नो यांनी स्वतः त्या वाटा तुडवून घालून दिला.