टाटा हॉस्पिटलच्या पत्त्यात नाव असलेले डॉ. बोर्जेस कोण होते?

रोहिणखेडहून ‘टाटा’ला जायचं म्हणजे आधी मलकापूर स्टेशन, मग रात्रीची गाडी आणि सकाळी दादर. पिशवीत सीटी स्कॅनची फिल्म आणि हाती पत्ता: डॉ. ई. बोर्जेस रोड, परळ. नाव वाचून कुणी इंग्रज साहेब असावा असंच वाटतं.

पण डॉ. अर्नेस्ट बोर्जेस आपल्या शेजारचे, मूळ गोव्याचे. जन्म १९०९चा. टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं आणि पुढे तिथल्या प्रमुख कॅन्सर सर्जनमध्ये त्यांचं नाव घेतलं जाऊ लागलं. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण तेव्हाही तिथे भरपूर येत. त्यामागची कारणं तिथल्याच प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकर शोधत होते.

ऑपरेशन अवघड का होतं?

गालातली किंवा जिभेवरची गाठ डोळ्यांना दिसते. पण कॅन्सरच्या पेशी तिथून मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरतात. या ग्रंथी खोल असतात, मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीच्या अगदी लगत. अमेरिकेतले सर्जन जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये १३२ ऑपरेशनांचा अनुभव मांडून मार्ग दाखवला: त्या बाजूच्या सगळ्या ग्रंथी एकसंध काढायच्या. त्यांच्यासोबत मानेची मोठी शीर, जाड स्नायू आणि खांद्याची नसही जायची. जीव वाचायचा, पण खांदा उतरायचा, हात वर करणं कठीण व्हायचं. बोर्जेस यांच्या काळात हीच रूढ पद्धत होती. आता शक्य असेल तिथे ती नस वाचवतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. माणसावर पहिला सीटी स्कॅन झाला १९७१ मध्ये, लंडनजवळ. बोर्जेस १९६९ मध्येच गेले होते. म्हणजे आज रोहिणखेडच्या रुग्णाच्या पिशवीत असलेली फिल्म त्यांना कधीच मिळाली नाही. गाठ किती आत गेलीय, हे एक्स-रे आणि बोटांनी चाचपून ठरवायचं. उरलेलं टेबलवर, मान उघडल्यावर कळायचं.

१९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्याला नाव नंतर आलं. वांद्र्यात बाहेरगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाचं निवासही आहे; तिथल्या खोलीसाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी लागते.