ओव्हरक्लॉकिंगसाठी प्रोसेसर-मदरबोर्ड घेताय? आधी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट वाचा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवणं. यात बरेच जण सगळं बजेट प्रोसेसरवर उडवतात आणि फसतात. असं का होतं, हे कॉम्प्युटर कधीच न पाहिलेल्या एका नाशिककराकडून शिकूया.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे फोटोग्राफी केली, छपाईचा धंदा केला. 1911 मध्ये मुंबईत येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि ठरवलं, आता सिनेमाच काढायचा. मग तासन्‌तास सिनेमे बघणं सुरू झालं. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनंतर नजर परत आली.

1912 मध्ये विमा पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. पैसे मोजकेच होते, तरी नुसता कॅमेरा घेऊन आले नाहीत. विल्यमसन कॅमेऱ्यासोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. कारण कच्ची फिल्म बिनभोकांची यायची आणि भोकं नेमकी नसतील तर कॅमेरा ती ओढणार कशी? हे किचकट काम पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत करायच्या.

कॅमेरा हाताने फिरवायचा, सेकंदाला साधारण 16 फ्रेम. हात जोरात फिरवला की प्रत्येक फ्रेमला उजेड कमी पडतो, म्हणजे उजेड वाढवावा लागतो. प्रोसेसरचंही तसंच आहे. वेग वाढवला की व्होल्टेज जास्त लागतं आणि उष्णता वाढते.

फाळक्यांनी थेट मोठा सिनेमा काढला नाही. आधी कुंडीतला वाटाणा कसा उगवतो, याची छोटी फिल्म बनवली. ती दाखवून भांडवल उभं केलं. मगच 3 मे 1913 ला 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. त्यानंतर ते नाशिकला आले आणि तिथेच बरेच सिनेमे काढले. पुढे बोलपट आले, जमाना बदलला. 1937 चा 'गंगावतरण' त्यांचा शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकमध्येच ते गेले.

आता तुमची खरेदी:

1. जोडी जुळवा. इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' चिपसेटचा मदरबोर्ड घ्या. एएमडीचे बहुतेक रायझेन अनलॉक असतात, पण बोर्ड 'बी' किंवा 'एक्स' मालिकेतला हवा, 'ए' नको. सॉकेट एकच आहे ना, तेही बघा.

2. बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर दणकट हीटसिंक हवा. चांगल्या कूलरचे पैसे आधीच बाजूला काढा. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते.

3. वेग थोडा थोडा वाढवा आणि दर वेळी टेस्ट करा. आधी वाटाणा, मग हरिश्चंद्र!

फाळक्यांचे डोळे उपचारांनी बरे झाले. जळलेला प्रोसेसर होत नाही.