कर्नल साइक्स

फाल्गुन सरत आला म्हणजे सातारा-सांगलीकडील माळांवर पळस आणि पांगारा फुलतात. कार्तिकापासून माणदेशात आणि जत-आटपाडीच्या बाजूला शाळूच्या कणसांवर तुटून पडणाऱ्या भोरड्या आता त्या तांबड्या फुलांतील मध चाखण्यास जमतात आणि थोड्याच दिवसांत थव्याथव्यांनी उत्तरेची वाट धरतात. आमराईतून हळद्याची शीळ ऐकू येते. माळावरचा चंडोल गात गात आभाळात चढतो. ही पाखरे येथील माणसाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. शेतकरी त्यांना नावाने ओळखत होता आणि गुराख्याला त्यांच्या घरट्यांच्या जागा माहीत होत्या. परंतु देशावरील या साऱ्या पाखरांची पद्धतशीर नोंद करून ती युरोपातील विद्वानांपुढे ज्याने प्रथम मांडली, तो मनुष्य मात्र येथला नव्हता. पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतील तो एक इंग्रज अधिकारी होता. त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स याचा जन्म इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, ब्रॅडफर्ड शहराजवळ, २५ जानेवारी १७९० रोजी झाला. त्या काळी होतकरू मुलांना नशीब काढण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीची वाट मोकळी असे. साइक्स तेरा-चौदा वर्षांचा असतानाच मुंबई इलाख्याच्या सैन्यात उमेदवार म्हणून दाखल झाला. आज ज्या वयात मुले सातवी-आठवीच्या वर्गात बसतात, त्या वयात हा मुलगा समुद्र ओलांडून परक्या देशात आला होता. १८०५ साली लॉर्ड लेक याने भरतपूरच्या किल्ल्यास वेढा घातला, त्या फौजेत तो होता. तो वेढा फसला हे प्रसिद्धच आहे.

लष्करी नोकरीत राहूनही त्याने एक गोष्ट केली, ती पुढे फार उपयोगी पडली. तो हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषा शिकला व दुभाष्याच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी येथे आणि त्यानंतर पुण्याजवळ पेशव्यांच्या सैन्याशी ज्या लढाया झाल्या, त्यांत साइक्स देशी पलटणींचा अधिकारी म्हणून लढला. डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही त्याने भाग घेतला. १८१८ साली पेशवाई संपली. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे लहानसे राज्य इंग्रजांनी राहू दिले, सांगलीस पटवर्धनांची सत्ता राहिली आणि पुणे, अहमदनगर, खानदेश, धारवाड हा मुलूख कंपनीने आपल्या ताब्यात घेतला. एका जुन्या सत्तेचा शेवट झाला होता, आणि तो शेवट करणाऱ्यांत साइक्स होता. त्याच्या पुढील कामाविषयी आदर बाळगतानाही ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

१८२० साली तो युरोपात परत गेला आणि चार वर्षे तेथे प्रवास करीत राहिला. तो परतला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा होता. नव्याने हाती आलेला मुलूख चालवायचा तर त्या मुलखात माणसे किती, गुरे किती, जमीन कोणत्या मगदुराची, पाऊस किती, धान्याचा भाव काय, हे सर्व कळले पाहिजे, हे एल्फिन्स्टनने जाणले. ऑक्टोबर १८२४ मध्ये त्याने साइक्सची नेमणूक आकडेवारी गोळा करणारा अधिकारी म्हणून केली. हे काम कंपनीला सारा वसूल करण्यासाठी हवे होते, हे उघडच आहे. परंतु साइक्सने त्या कामाची कक्षा स्वतःच वाढवली. खानेसुमारी करता करता त्याने हवामान मोजले, जमिनीच्या मापांचा अभ्यास केला, नद्यांतील मासे आणि रानातील जनावरे तपासली. आणि पक्ष्यांकडे तर त्याचे विशेष लक्ष गेले.

त्या वेळी रेल्वे नव्हती आणि पक्क्या सडकाही जवळजवळ नव्हत्याच. घोड्यावर बसून, राहुट्या व सामान बरोबर घेऊन, गावोगाव मुक्काम करीत जावे लागे. बरोबर वायुभारमापक असे आणि त्याची नोंद दिवसातून अनेक वेळा घ्यावी लागे. हवेचा दाब दिवसातून दोन वेळा वाढतो व दोन वेळा उतरतो. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा हा क्रम दख्खनच्या पठारावर किती नियमाने चालतो, ते साइक्सने वर्षानुवर्षांच्या मोजणीने दाखवून दिले. १८३५ साली रॉयल सोसायटीने त्याचा हा निबंध प्रसिद्ध केला.

पक्ष्यांचा अभ्यास त्या काळी आजच्यासारखा नव्हता. डोळ्यांस लावण्याची चांगली दुर्बीण आणि छायाचित्रे ही साधने पुढची. पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने टिपायचा, त्याची मापे घ्यायची, डोळ्याचा रंग उडून जाण्यापूर्वी लिहून ठेवायचा आणि कातडे पेंढा भरून जपायचे, अशी रीत होती. आज आपल्याला ती क्रूर वाटेल, पण तेव्हाच्या शास्त्राला दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. साइक्सचे वेगळेपण असे की, मारलेल्या पक्ष्याच्या केवळ पिसांवर तो समाधान मानीत नसे. पक्ष्याच्या पोटात काय सापडले, टोळ होते की धान्य, फळे होती की किडे, हेही तो लिहून ठेवी. कोणता पक्षी शेतकऱ्याचा मित्र आणि कोणता शत्रू, हे अशा नोंदींवरून कळू लागले. भोरड्यांनी ज्वारीच्या पिकाची जी दैना होते, तीही त्याच्या नजरेतून सुटली नाही.

मराठी येत असल्यामुळे गावकऱ्यांशी बोलण्यास त्याला कोणाची मध्यस्थी लागत नसे. प्राण्यांची स्थानिक नावे तो आवर्जून विचारी आणि टिपून ठेवी. रानकुत्र्याला मराठीत कोळसून म्हणतात, ही नोंद त्याने केली. आपल्या मुलखातील लांडग्याचे शास्त्रीय वर्णनही प्रथम त्यानेच १८३१ साली केले. माशांच्या बाबतीत तर त्याने शास्त्रीय नावेच कोळ्यांच्या तोंडून उचलली. महसीर जातीच्या एका थोर माशाला त्याने जे खुद्री हे नाव दिले, ते आजतागायत शास्त्रात चालू आहे.

हे काम ऐन भरात असताना एक संकट आले. एल्फिन्स्टन १८२७ साली निघून गेला आणि सर जॉन माल्कम गव्हर्नर झाला. खर्च कमी करण्याचे दिवस होते. डिसेंबर १८२९ मध्ये साइक्सची जागाच रद्द करण्यात आली. पाच वर्षांची टिपणे अर्धवट होती, अहवाल पुरे व्हायचे होते, आणि पलटणीत परत जाण्याखेरीज गत्यंतर दिसत नव्हते. साइक्सने त्या हुद्द्याच्या भत्त्यावर पाणी सोडले आणि अहवाल पुरे करण्याची परवानगी मिळवली. जवळजवळ एक वर्ष तो याप्रमाणे राबला. जानेवारी १८३१ मध्ये काम संपले, तेव्हा दख्खनची खानेसुमारी, आकडेवारीचे दोन मोठे अहवाल आणि चित्रांसह प्राणिसृष्टीचे वर्णन, एवढे साहित्य तयार होते. त्यानंतर तो रजा घेऊन मायदेशी गेला तो पुन्हा हिंदुस्थानात नोकरीसाठी आला नाही. १८३३ साली त्याने कर्नल या हुद्द्यावरून निवृत्ती घेतली.

१८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी ठेवली. तीत सुमारे २३६ जाती होत्या आणि त्यांपैकी पन्नासाहून अधिक शास्त्राला नव्या आहेत, असे त्याचे म्हणणे होते. जो पक्ष्याचे वर्णन प्रथम प्रसिद्ध करील त्याने त्याला शास्त्रीय नाव द्यावे, असा नियम आहे. येथे या लष्करी गृहस्थाने जे केले ते मोठे मौजेचे आहे. गावावर घिरट्या घालणाऱ्या आपल्या घारीला त्याने गोविंद हे नाव दिले. सह्याद्रीच्या दाट रानातील मोठ्या घुबडाला इंद्राणी, घाटातील काळ्या बुलबुलाला गणेश, माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाला देव, हिवाळ्यात बाभळीच्या झुडपांत येणाऱ्या एका मातकट रंगाच्या चिमण्या पक्ष्याला राम, आणि ओढ्याकाठी शेपटी हलवीत फिरणाऱ्या पिवळ्या धोब्याच्या एका जातीला भीमा. लॅटिन भाषेच्या त्या रुक्ष याद्यांत ही नावे आजही तशीच वाचावयास मिळतात.

आपल्या वरिष्ठांनाही तो विसरला नाही. महाबळेश्वरास गेलेल्यांनी एल्फिन्स्टनचे टोक आणि माल्कमच्या नावाने वसलेली पेठ पाहिलेली असते. सह्याद्रीच्या गर्द राईत राहणाऱ्या एका देखण्या रानकबुतराला साइक्सने एल्फिन्स्टनचे नाव दिले. महाबळेश्वरच्या जंगलात हे कबुतर अजूनही दिसते. माल्कमचे नाव मिळाले ते एका करड्या सातभाईला. हा पक्षी थंड हवेच्या ठिकाणचा नव्हे. म्हसवड, दहिवडी, आटपाडी, जत या अवर्षणी भागातील बाभळी-बोरींच्या रानात टोळीने कलकलाट करीत तो हिंडतो. ज्याच्या कारकिर्दीत साइक्सची जागा गेली, त्याच्याच नावाने हा गोंगाट करणारा पक्षी ओळखला जावा, यात त्याने काही खोच ठेवली होती असे मानण्यास आधार नाही. पण योगायोग मात्र गंमतीचा खरा.

आणखी एका पक्ष्याचे नाव येथे सांगितले पाहिजे. रात्री जमिनीलगत उडून किडे टिपणाऱ्या रातव्याच्या एका फिकट रंगाच्या जातीला साइक्सने मराठ्यांचे नाव दिले. ज्या लोकांशी तो रणांगणावर लढला, त्यांचे नाव त्याने याप्रमाणे पक्षिशास्त्रात कायमचे घातले. परंतु पुढे असे आढळून आले की, हा रातवा मुख्यतः सिंध, राजस्थान, कच्छ अशा कोरड्या वायव्य प्रदेशातला रहिवासी असून आपल्याकडे तो थंडीत क्वचितच उतरतो. त्यामुळे महाराष्ट्रात हा पक्षी कोणाला दिसला, तर जाणकारांत आजही ती महत्त्वाची नोंद समजली जाते.

नदीकाठी मान आखडून बसणारा भुरा बगळा, ज्वारीच्या ताटांत शेपटी उडवीत बोलणारे वटवट्याचे दोन प्रकार, किल्ल्यांच्या कड्यांना मातीची घरटी चिकटवणारी काळपट पाकोळी, खडकाळ माळावरून भुर्रकन उठणारी लावरी, या सर्वांचे पहिले शास्त्रीय वर्णन साइक्सच्याच लेखणीतून उतरले आहे. कृष्णाकाठच्या मुलाला यांतील निदान तीन-चार पक्षी घरापासून हाकेच्या अंतरावर पाहावयास मिळतात.

मायदेशी गेल्यावरही साइक्स स्वस्थ बसला नाही. १८३४ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १८४० साली कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आला आणि १८५६ साली त्या मंडळाचा अध्यक्ष झाला. १८५७ पासून तो ॲबरडीन शहराचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसू लागला. वेरूळच्या लेण्यांवर त्याने पूर्वीच निबंध लिहिला होता. आता प्राचीन भारतातील बौद्ध धर्मावरही लिहिले. फुग्यातून आकाशात चढून हवेचे निरीक्षण करण्याचे जे प्रयोग इंग्लंडात झाले, त्यांच्या समितीचे अध्यक्षपद त्याच्याकडे होते. दख्खनच्या रस्त्यांवर वायुभारमापक घेऊन हिंडलेल्या माणसाला ते काम आवडले असल्यास नवल नाही. १६ जून १८७२ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले. शेवटपर्यंत तो पार्लमेंटचा सभासद होता.

त्याच्या यादीचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. नंतरच्या विद्वानांनी तिची कसून तपासणी केली. काही पक्षी त्याच्या आधीच इतरांनी वर्णिले होते असे ठरले आणि ती नावे गळाली. काही जाती स्वतंत्र नसून दुसऱ्या जातींचे केवळ प्रकार आहेत, असेही ठरवण्यात आले. हळद्याचे तसेच झाले. हिंदुस्थानातील हळद्या हा युरोपातील हळद्याहून निराळा आहे, असे साइक्सने म्हटले होते. आपल्याकडील पक्ष्याच्या डोळ्यावरची काळी रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, युरोपातल्याची तितकी जात नाही. तरीही दीर्घकाळ दोघांना एकच समजत असत. राम नावाच्या त्या लहान पक्ष्यालाही कित्येक वर्षे दुसऱ्याच एका जातीच्या पोटात घातले गेले होते, आणि गणेश नावाच्या बुलबुलाची गतही तीच झाली.

एकविसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास आवाज, पिसे आणि शरीररचना यांचा पुन्हा बारकाईने विचार झाला आणि हे तिन्ही पक्षी स्वतंत्र जातींचे आहेत असे मान्य होऊ लागले. साइक्सने दिलेली नावे मग पुन्हा पुढे आली. सातारा-सांगलीच्या बाभळबनांत हिवाळा काढलेला राम हा पक्षी चैत्राच्या सुमारास मध्य आशियाकडे परत निघतो. तो रंगाने इतका साधा असतो की, जवळच्या फांदीवर असूनही बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.