परमवीर चक्राचं डिझाईन करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर मूळच्या स्वित्झर्लंडच्या होत्या

२६ जानेवारीची परेड असो की कारगिलवरचा सिनेमा, परमवीर चक्राचं नाव निघालं की अंगावर काटा येतो. कुणाला मिळालं, कोणत्या लढाईत मिळालं, हे बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. पण हे पदक प्रत्यक्षात दिसतं कसं, त्यावर नेमकं काय कोरलंय, असं विचारलं तर भले भले गडबडतात.

आणि ते डिझाईन कुणी केलं, हे तर फार कमी जणांना माहीत असतं. आडनाव ऐकून वाटेल कोकणातल्या एखाद्या घरातल्या असतील. सावित्रीबाई खानोलकर. पण त्यांचा जन्म झाला होता थेट स्वित्झर्लंडमध्ये.

जिनिव्हाची ईव्ह

२० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल गावात त्यांचा जन्म झाला. नाव ठेवलं ईव्ह इव्होन मादे द मारोस. वडील आंद्रे मूळचे हंगेरीचे, जिनिव्हा विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक. आई मूळची रशियन. वडील राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयातही काम करायचे, त्यामुळे ईव्हचं बालपण पुस्तकांच्या ढिगाऱ्यात गेलं. तिथेच तिला भारताबद्दल वाचायची गोडी लागली.

१९२९ साली, म्हणजे ईव्ह सोळाच्या आसपास असताना, तिची भेट एका मराठी तरुणाशी झाली. त्याचं नाव विक्रम खानोलकर. तो ब्रिटनच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत शिकत होता आणि सुट्टीत फिरायला आला होता. ओळख झाली, पत्रव्यवहार सुरू झाला आणि दोघांनी लग्न करायचं ठरवलं.

घरून विरोध झाला. वडिलांना मुलगी इतक्या लांब पाठवायची नव्हती. पण ईव्ह मागे हटली नाही. ती भारतात आली आणि १९३२ साली लखनौमध्ये दोघांचं लग्न झालं. ईव्हने हिंदू धर्म स्वीकारला, नाव घेतलं सावित्री.

नावापुरत्या सावित्रीबाई नव्हत्या

त्या काळात लष्करी अधिकाऱ्याच्या युरोपियन बायकोला क्लब आणि पार्ट्यांमध्ये आरामात आयुष्य काढता आलं असतं. सावित्रीबाईंनी मात्र साडी नेसली, मांसाहार सोडला आणि मराठी, हिंदी, संस्कृत शिकायला घेतलं. नवऱ्याच्या बदलीच्या काळात पाटणा विद्यापीठात त्यांनी अभ्यास केला. वेद, उपनिषदं, पुराणं वाचली. भारतीय संगीत, नृत्य आणि चित्रकला समजून घेतली. पुढे तर त्यांनी महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते १९७८ साली भारतीय विद्या भवनने प्रकाशित केलं.

हा सगळा अभ्यास त्या स्वतःच्या आवडीपोटी करत होत्या. एक दिवस तो देशाच्या कामी येईल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

नव्या देशाला नवी पदकं हवी होती

१९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि लगेच काश्मीरमध्ये लढाई सुरू झाली. भारतीय जवान पराक्रम गाजवत होते, पण त्यांना द्यायचं काय? तोपर्यंत सर्वोच्च शौर्यपदक होतं व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश राणीच्या नावाचं. स्वतंत्र भारताच्या सैनिकाच्या छातीवर ते कसं लावणार?

नवी पदकं तयार करण्याची जबाबदारी आली मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे. ते भारतीय लष्कराचे पहिले भारतीय ॲडज्युटंट जनरल होते. पदकावर भारताची परंपरा दिसायला हवी आणि तरीही ते कुण्या एका प्रांताचं वाटता कामा नये, अशी अडचण होती. अटल खानोलकर कुटुंबाला ओळखत होते, सावित्रीबाईंचा पुराणांचा अभ्यासही त्यांना माहीत होता. त्यांनी हे काम सावित्रीबाईंवर सोपवलं.

सावित्रीबाईंनी निवडलं इंद्राचं वज्र.

ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकलेली असते. वृत्रासुर कुठल्याच शस्त्राने मरत नव्हता. तेव्हा दधीची ऋषींनी आपला देह सोडला आणि त्यांच्या हाडांपासून वज्र तयार झालं. म्हणजे वज्र हे शस्त्र आहेच, पण त्याआधी ते कुणीतरी दुसऱ्यांसाठी दिलेलं स्वतःचं शरीर आहे. सीमेवर जीव देणाऱ्या जवानासाठी याहून नेमकं चिन्ह कोणतं असणार?

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र यांची अधिकृत घोषणा झाली. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमासाठी ती लागू करण्यात आली.

मग परमवीर चक्र ओळखायचं कसं?

सोशल मीडियावर फिरणाऱ्या अनेक फोटोंमध्ये ही पदकं सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात. शिवाय प्रतिकृतीही असतात. त्यामुळे काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

परमवीर चक्र गोल असतं आणि कांस्य धातूचं असतं. देशातलं सर्वोच्च शौर्यपदक सोन्याचं असेल, असा अनेकांचा समज असतो, तो चुकीचा आहे. व्यास साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा. मध्यभागी राजमुद्रा आणि तिच्याभोवती चार वज्रं. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत परमवीर चक्र ही अक्षरं, मध्ये दोन कमळं. फीत जांभळ्या रंगाची.

महावीर चक्र चांदीचं असतं. त्यावर पाच टोकांचा तारा, फीत अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. वीर चक्रही चांदीचंच, त्यावरही तारा, पण फीत अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. फोटोतलं पदक धूसर असेल तरी फितीवरून ते ओळखता येतं.

आणखी एक गोष्ट. परमवीर चक्रावर शिवाजी महाराजांची तलवार कोरली आहे, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. पदकाच्या अधिकृत वर्णनात चार वज्रं आणि राजमुद्रा एवढाच उल्लेख आहे.

खऱ्या पदकाची महत्त्वाची खूण त्याच्या कडेवर असते. तिथे ज्याला पदक मिळालं त्याचं नाव कोरलेलं असतं. आजवर परमवीर चक्र फक्त २१ जणांना मिळालंय आणि त्या सगळ्यांची नावं जाहीर आहेत. त्यामुळे कुणी जुनं परमवीर चक्र म्हणून एखादं पदक दाखवलं, तर पहिला प्रश्न एकच, कडेवर या २१ पैकी कुणाचं नाव आहे का?

अर्थात नाव असलं म्हणून काम संपत नाही, कारण नावही नंतर कोरता येतं. मग धातू, वजन, कोरीव काम आणि पदक त्या घरातून इथवर कसं आलं याची कागदपत्रं तपासावी लागतात.

पहिलं पदक घरातच आलं

आता नियतीचा खेळ बघा. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना जाहीर झालं. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी श्रीनगरचा विमानतळ वाचवण्यासाठी बडगामच्या लढाईत ते शहीद झाले. हात प्लास्टरमध्ये असतानाही ते लढायला गेले होते. हे सोमनाथ शर्मा म्हणजे सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर.

ज्या पदकासाठी सावित्रीबाईंनी त्यागाचं चिन्ह शोधलं, ते पहिल्यांदा त्यांच्याच नात्यातल्या माणसाच्या नावावर लागलं, तेही मरणोत्तर.

शेवटची वर्षं

१९५२ साली मेजर जनरल विक्रम खानोलकर यांचं निधन झालं. त्यानंतर सावित्रीबाई अध्यात्माकडे वळल्या, रामकृष्ण मठाशी जोडल्या गेल्या. फाळणीतले निर्वासित आणि शहीद जवानांची कुटुंबं यांच्यासाठीही त्यांनी काम केलं. माहेरी परत जायचा विचार त्यांनी केला नाही. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचं निधन झालं.

तोवर १७ परमवीर चक्रं दिली गेली होती. उरलेली चार कारगिल युद्धानंतर दिली गेली. २१ पैकी १४ मरणोत्तर आहेत.

परमवीर चक्राच्या कडेवर वीराचं नाव असतं, पाठीवर पदकाचं. सावित्रीबाईंचं नाव त्यावर कुठेच नाही. पुढच्या वेळी या पदकाचा फोटो समोर आला, तर झूम करून ती चार वज्रं नक्की बघा. सावित्रीबाईंची सही म्हणायची तर तीच आहे.