सोनखताचे प्राध्यापक

थोरांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा कवींची, वीरांची, पुढाऱ्यांची. खताच्या खड्ड्यापाशी आयुष्य वेचणारा प्राध्यापक त्यांत सहसा नसतो. म्हणून मला सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच 'कोकणचे गांधी' आप्पासाहेब पटवर्धन यांच्याविषयी लिहावेसे वाटले.

आप्पांचा जन्म 1894 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. उच्च शिक्षण घेऊन ते पुण्यात काही काळ प्राध्यापक होते. पुढचा मार्ग सरळ होता. नोकरी, मान, निवृत्तिवेतन. तो सोडून ते गांधीजींकडे गेले. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद त्यांनीच केला. 1930 साली शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते अग्रभागी होते.

परंतु त्यांची खरी ओळख पटते ती 1932 साली, रत्नागिरीच्या तुरुंगात. तेथे मैला उचलण्याचे काम ठरावीक जातींच्या कैद्यांकडेच असे. आप्पांनी ते काम स्वतःसाठी मागितले. सवर्ण म्हणून त्यांना नकार मिळाला, तेव्हा त्यांनी उपोषणाचा मार्ग धरला. येरवड्याच्या तुरुंगात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी डिसेंबरात उपोषण सुरू केले आणि सरकारला नमते घ्यावे लागले. हक्कांसाठी लढे पुष्कळ झाले. घाण उचलण्याच्या हक्कासाठी झालेला हा लढा विरळाच! घाण काही जन्माने कोणाच्या वाट्याला येत नाही, हे आप्पांना दाखवून द्यायचे होते.

1948 साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम स्थापन केला. तेथे मेलेल्या जनावरांची कातडी कमावली जाई. मैल्यापासून सोनखत करण्याचे आणि गोबरगॅसचे प्रयोग तेथे चालत. साध्या, स्वस्त संडासाची त्यांची रचना 'गोपुरी संडास' म्हणून ओळखली गेली. 1971 साली ते निवर्तले.

आप्पांनी हाताळला तो मुख्यतः मैला. आज शहरांपुढे प्रश्न आहे तो उष्ट्या-खरकट्याचा. पण दोहोंचे मर्म एकच. आमच्या जऊळक्यासारख्या गावात पूर्वापार भाजीची देठे गुरांपुढे जात, उरलेसुरले उकिरड्यावर जाई आणि उन्हाळ्यात तोच उकिरडा गाडीत भरून शेतात पडे. मातीतून आलेले मातीत परत जाई. शहरात ही साखळी तुटते. आपल्याकडच्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला, कुजणारा असतो. तो प्लॅस्टिक व काचांबरोबर डेपोवर ढिगाने पडला की हवेअभावी सडतो, दुर्गंधी सुटते, मिथेन वायू तयार होतो आणि ढीग पेटतात. तोच ओला कचरा वेगळा ठेवून, सुक्या पाल्याबरोबर थर लावून, अधूनमधून वरखाली केला तर काही महिन्यांत चांगले खत होते. बंद टाकीत घातला तर चुलीसाठी गॅस मिळतो. यात अवघड असे शास्त्र नाही.

मग अडते कोठे? 2016 च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरातच वेगळा करण्यास सांगितले. तरीही बऱ्याच घरांतून सारे एकाच डब्यात पडते, कारण ते निवडणारा कोणीतरी दुसरा आहे, असे आपण गृहीत धरतो. हा दुसरा कोण? पूर्वी तो जातीने ठरे. आज तो ठेकेदाराचा मजूर असतो, किंवा डेपोवर उघड्या हातांनी प्लॅस्टिक वेचणारी बाई. फुटकी काच आणि नासलेली भाजी एकत्र टाकणारा हात निराळा, आणि कापला जाणारा हात निराळा!

आपण कलाशाखेचे विद्यार्थी. खताचा आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. आप्पाही प्राध्यापकच होते. त्यांना विद्येने हात मळवण्यापासून परावृत्त केले नाही. आपल्या वसतिगृहातील ताटांत उरणाऱ्या पोळीचे काय होते, ती कोण उचलतो आणि ती कोठे जाते, एवढे तीन प्रश्न आपण आपल्या मेसमध्ये विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत सोडले नाहीत, तरी आप्पांचे चरित्र वाचल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.