चिक वेब
विल्यम हेन्री वेब ऊर्फ चिक वेब (१० फेब्रुवारी, १९०५ : बाल्टिमोर, मेरीलँड, अमेरिका – १६ जून, १९३९ : बाल्टिमोर) हे अमेरिकन जाझ ड्रमवादक आणि वाद्यवृंदप्रमुख होते. न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागातील सॅव्हॉय बॉलरूम या नृत्यगृहात १९३०च्या दशकात त्यांच्या वाद्यवृंदाचे वर्चस्व होते. लिंडी हॉप हा स्विंग नृत्याचा प्रमुख प्रकार याच नृत्यगृहात बहरला आणि त्याच्या जडणघडणीत वेब यांच्या संगीताचा मोठा वाटा आहे. गायिका एला फिट्झगेराल्ड यांची कारकीर्दही त्यांच्याच वाद्यवृंदातून पुढे आली.

बालपण
वेब यांचा जन्म बाल्टिमोरमधील एका गरीब आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबात झाला. लहानपणीच त्यांना पाठीच्या कण्याचा क्षयरोग जडला. त्यामुळे पाठीला कुबड आले, शरीराची वाढ खुंटली आणि उंची चार फुटांच्या आसपासच राहिली. कोंबडीचे पिल्लू या अर्थाचे 'चिक' हे टोपणनाव त्यांना या ठेंगणेपणावरूनच मिळाले. आखडलेल्या सांध्यांना व्यायाम मिळावा म्हणून डॉक्टरांनी ड्रम वाजवण्याचा सल्ला दिला, असे सांगितले जाते. वर्तमानपत्रे विकून जमवलेल्या पैशांतून त्यांनी आपला पहिला ड्रमसंच घेतला. पुढे चेसापीक उपसागरात सहलीला जाणाऱ्या बोटींवर ते वादन करू लागले. तेथेच गिटारवादक जॉन ट्रूहार्ट यांच्याशी त्यांची मैत्री झाली आणि ती आयुष्यभर टिकली.

न्यूयॉर्कमधील उमेदवारी
१९२०च्या दशकाच्या मध्यास वेब आणि ट्रूहार्ट न्यूयॉर्कला आले. ड्यूक एलिंग्टन यांच्या शिफारशीमुळे १९२६मध्ये वेब यांना एका क्लबमध्ये स्वतःच्या वाद्यवृंदासह काम मिळाले. त्यानंतरची काही वर्षे ओढाताणीची होती. काम नियमित मिळत नसे आणि नावारूपाला आलेल्या वादकांना मोठे वाद्यवृंद ओढून नेत. १९२७पासून वेब सॅव्हॉयमध्ये अधूनमधून वाजवीत असत. १९३१पासून मात्र त्यांचा वाद्यवृंद तेथे नियमितपणे वाजू लागला.

सॅव्हॉय बॉलरूम
सॅव्हॉय बॉलरूम १२ मार्च, १९२६ रोजी लेनॉक्स अव्हेन्यूवर सुरू झाले. हार्लेममधीलच कॉटन क्लबमध्ये कलावंत कृष्णवर्णीय असत, परंतु प्रेक्षकांत प्रवेश गोऱ्यांनाच मिळे. सॅव्हॉयचे दार मात्र दोन्ही वंशांच्या लोकांना खुले होते आणि तेथे ते एकाच जमिनीवर नाचत. तेथे वादकांसाठी दोन मंच होते. एका वाद्यवृंदाने थांबताच दुसरा सुरू होई, त्यामुळे संगीतात खंड पडत नसे. पावलांच्या घर्षणाने झिजलेली लाकडी जमीन दर काही वर्षांनी बदलावी लागे.

येथील नर्तक हेच वादकांचे खरे परीक्षक होते. ठेका मंदावला किंवा लय डळमळली की जमीन ओस पडे. त्यामुळे वेब नर्तकांच्या पावलांकडे पाहून वाजवीत आणि त्यांच्या हालचालींना ड्रमच्या आघातांनी उत्तर देत. प्रसिद्ध नर्तक फ्रँकी मॅनिंग यांच्या आठवणीनुसार, १९३५मध्ये सॅव्हॉयमधील एका स्पर्धेत त्यांनी आपली जोडीदार फ्रीडा वॉशिंग्टन हिला पाठीवरून उलटी फिरवून पुढे उतरवले. लिंडी हॉपमधील ही पहिली हवाई फेक मानली जाते. त्या वेळी वेब यांचा वाद्यवृंद वाजवत होता आणि तिचे पाय जमिनीला टेकले त्याच क्षणी ड्रमचा आघात पडला. ज्या हालचाली वेब यांच्या स्वतःच्या शरीराला शक्य नव्हत्या, त्यांना त्यांच्या वादनाने अशी साथ दिली.

वादनशैली
वेब यांना स्वरलिपी वाचता येत नसे. सरावाच्या वेळी प्रत्येक रचना ऐकून ते ती संपूर्ण मुखोद्गत करीत. मंचाच्या मध्यभागी उंच चौथऱ्यावर बसून ते ड्रमच्या संकेतांनीच वाद्यवृंद चालवीत. त्यांच्या अंगकाठीला साजेसा ड्रमसंच खास तयार करून घेतलेला होता. तीन मिनिटांच्या तत्कालीन ध्वनिमुद्रिकांमध्ये त्यांच्या वादनाचा जोर पुरता उतरला नाही, असे त्यांना प्रत्यक्ष ऐकणाऱ्या वादकांचे मत होते. जीन क्रूपा आणि बडी रिच या पुढे विख्यात झालेल्या ड्रमवादकांवर त्यांचा प्रभाव होता.

वाद्यवृंदांचे सामने
सॅव्हॉयमध्ये दोन वाद्यवृंदांमध्ये सामने लावण्याची प्रथा होती. त्यांतील सर्वांत गाजलेला सामना ११ मे, १९३७ रोजी वेब आणि बेनी गुडमन यांच्यात झाला. गुडमन हे गोरे वाद्यवृंदप्रमुख त्या काळी स्विंगचे सम्राट म्हणून देशभर ओळखले जात. वेब यांच्या वाद्यवृंदातील एडगर सॅम्पसन यांनी रचलेली 'स्टॉम्पिन' ॲट द सॅव्हॉय' ही धून वेब यांनी १९३४मध्ये ध्वनिमुद्रित केली होती, परंतु तिला व्यापक प्रसिद्धी मिळाली ती गुडमन यांच्या १९३६मधील ध्वनिमुद्रणामुळे. कृष्णवर्णीय कलावंतांच्या रचनांवर गोऱ्या वाद्यवृंदांना अधिक नाव आणि पैसा मिळण्याचा हा काळ होता. त्यामुळे या सामन्याला केवळ करमणुकीपलीकडचे महत्त्व आले.

त्या रात्री सुमारे चार हजार लोक आत होते आणि हजारो लोकांना प्रवेश न मिळाल्याने परतावे लागले. नर्तकांनी आणि श्रोत्यांनी वेब यांच्या बाजूने कौल दिला. गुडमन यांचे ड्रमवादक जीन क्रूपा यांनी वेब यांना वाकून अभिवादन केले. १६ जानेवारी, १९३८ रोजी काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदाशी झालेल्या सामन्याच्या निकालाबाबत मात्र मतभेद आहेत.

एला फिट्झगेराल्ड
१९३४च्या अखेरीस अपोलो थिएटरमधील हौशी कलावंतांच्या स्पर्धेत एला फिट्झगेराल्ड विजयी झाल्या. त्या वेळी त्या १७ वर्षांच्या आणि निराधार होत्या. त्यांचे कपडे व राहणी पाहून वेब सुरुवातीला त्यांना घेण्यास राजी नव्हते, परंतु गाणे ऐकल्यावर १९३५मध्ये त्यांनी एला यांना वाद्यवृंदात सामील करून घेतले. वेब यांनी त्यांना कायदेशीररीत्या दत्तक घेतल्याची आख्यायिका प्रचलित असली, तरी ती खरी नाही. एका बालगीतावर आधारलेले आणि २ मे, १९३८ रोजी ध्वनिमुद्रित झालेले 'अ-टिस्केट, अ-टास्केट' हे एला यांचे गीत अतिशय लोकप्रिय झाले. त्यामुळे वाद्यवृंदाला देशभरातून निमंत्रणे येऊ लागली.

अखेरचा काळ
यश मिळू लागले तेव्हा वेब यांची प्रकृती ढासळली होती. तीव्र वेदना होत असतानाही, वादकांचे काम बंद पडू नये म्हणून ते दौरे करीत राहिले. कधीकधी कार्यक्रम संपताच त्यांना भोवळ येई. १९३९च्या जून महिन्यात त्यांना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेथे शस्त्रक्रियेनंतर १६ जून रोजी, वयाच्या ३४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षे एला फिट्झगेराल्ड यांच्या नावाने हा वाद्यवृंद चालू राहिला.

वारसा
१९४७मध्ये पूर्व बाल्टिमोरमध्ये वेब यांच्या नावाचे मनोरंजन केंद्र सुरू झाले. सॅव्हॉय बॉलरूम १९५८मध्ये बंद पडले आणि नंतर ती इमारत पाडण्यात आली. लिंडी हॉपही विस्मृतीत गेले होते. १९८०च्या दशकात अमेरिका, इंग्लंड आणि स्वीडनमधील तरुण नर्तकांनी जुने चित्रपट पाहून आणि हयात नर्तकांना शोधून काढून या नृत्याचे पुनरुज्जीवन केले. टपाल खात्यात नोकरी करीत असलेले फ्रँकी मॅनिंग त्यानंतर जगभर हे नृत्य शिकवू लागले. आज अनेक देशांतील लिंडी हॉप मेळाव्यांमध्ये वेब यांच्या ध्वनिमुद्रिकांवर नृत्य केले जाते. सॅव्हॉयच्या जागी २००२मध्ये स्मृतिफलक बसवण्यात आला असून, त्याचे अनावरण मॅनिंग आणि नॉर्मा मिलर या सॅव्हॉयच्याच दोन नर्तकांनी केले.